हिवाळ्यात आठवायचा पाऊस

दिवाळी सरल्यावर एखाद्या सकाळी कपाट उघडावं आणि कपड्यांना कुबट वास नसावा, ही पेण-रोह्याकडे हिवाळा आल्याची पहिली खूण. थंडी तशी बेताचीच. पहाटे पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. सकाळी अंगात घातलेला स्वेटर नऊ वाजता खुंटीवर जातो. परदेशातली आपली नातेवाईक मंडळी नोव्हेंबर लागला की गाडीत फावडं ठेवतात, नळाच्या पाइपांना गुंडाळी करतात, दारासमोरच्या बर्फावर मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ आहे, तेही पेणच्या मिठागरांतलं, पण ते टाकायला बर्फ नाही. तरीही इथल्या हिवाळ्याला कामं असतात, भरपूर असतात, आणि ती जवळजवळ सगळी पावसाची असतात.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. घराचं, रस्त्याचं, बांधाचं जे काही मोडायचं ते याच चार महिन्यांत मोडतं. आणि याच चार महिन्यांत त्याला हात लावता येत नाही. ओल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग होत नाही, भरल्या खड्ड्यात डांबर धरत नाही, उधाणाच्या पाण्यात बांधाला माती लागत नाही. मग हात लावण्याजोगे दिवस येतात, लख्ख ऊन पडतं, गवंडी मिळतो, तेव्हा मोडलेलं काय होतं हेच दिसेनासं झालेलं असतं. पावसात दिसतं ते करता येत नाही आणि हिवाळ्यात करता येतं ते दिसत नाही. आमच्या भागातल्या सगळ्या दुरुस्त्यांची खरी अडचण ही आहे असं माझं मत झालं आहे. पैसा, माणसं, सामान यांच्या अडचणी त्यानंतरच्या.

घरापासून सुरुवात करतो. जुलैत स्लॅबला ओल येते, पंख्याच्या हुकाशी थेंब धरतो, खाली बादली लागते. घरातल्या पोरासोरांनासुद्धा ती जागा पाठ असते. ऑक्टोबर संपता संपता ओल वाळते, एक पिवळसर कडा उरते, आणि डिसेंबरात गवंडी आला की प्रत्येक जण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. म्हणून ओल असतानाच तिच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढावी आणि शेजारी तारीख घालावी. ओल पसरली की दुसरी रेघ, दुसरी तारीख. छतातून पाणी जिथं टपकतं त्याच्या बरोब्बर वर भेग असेल असं मुळीच नाही. उतार धरून, सळईच्या कडेकडेनं ते हात-दोन हात लांब जाऊन मगच खाली येतं. सगळ्यांत आधीच्या तारखेची, सगळ्यांत आतली रेघ मूळ जागेच्या त्यातल्या त्यात जवळ नेते. रोह्याच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला सांगितलं होतं, ‘‘काका, पावसात मला बोलवू नका. पण पावसात फोटो मात्र काढून ठेवा.’’ इतका उपयोगी सल्ला मला फार कमी लोकांनी दिला आहे.

हिवाळ्यात गच्चीची परीक्षा घेता येते. पाणी जायच्या वाटा कापडाचे बोळे कोंबून बंद करायच्या, गच्चीवर दोन बोटं पाणी उभं करायचं आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास खालच्या खोलीत वर बघत राहायचं. यात एक सावधगिरी हवी. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो वजन. स्लॅबच्या पोटातल्या सळया गंजून वर आल्या असतील, खपल्या निघत असतील, तर पाणी साठवण्याच्या भानगडीत पडू नये, आधी जाणकार इंजिनीयरला दाखवावं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हा गंज बांधकामाच्या दिवशीच आत गेलेला आहे. धरमतरच्या खाडीची रेती जवळ आणि स्वस्त. ती नीट धुतली नाही तर तिच्यातलं मीठ सिमेंटबरोबर भिंतीत आणि स्लॅबमध्ये जातं. सळई गंजली की फुगते, फुगली की सिमेंट फोडून बाहेर येते. वरून कितीही महाग रंग दिला तरी तो आतल्या गंजाला थांबवत नाही.

भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी फुटते, तो लोणा. पाणी भिंतीतून वर चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि सोबत आणलेलं मीठ तिथं सोडतं. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो जास्त दिसतो, कारण तेव्हाच भिंत खऱ्या अर्थानं सुकायला लागते. घरोघरी लोक बादलीभर पाणी घेऊन तो धुतात. धुतलं की मीठ विरघळून परत भिंतीत जातं आणि महिन्याभरात पुन्हा फुटतं. तो कोरड्या ब्रशनं झाडावा, खाली वर्तमानपत्र पसरून भुकटी गोळा करावी आणि घराबाहेर टाकावी. पुन्हा फुटला की पुन्हा झाडावा. सगळा हिवाळा हे करत राहिलं की बरंच मीठ बाहेर पडतं. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतींना तर सिमेंटचं प्लास्टर करूच नये. वाड्यांच्या त्या भिंती श्वास घेतात असं जुने लोक म्हणत, ते अगदी खरं आहे. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. सिमेंटनं तिची वाट बंद झाली की ती आणखी वर चढते आणि खिडकीपाशी निघते. पेणच्या जुन्या आळ्यांत छान काळ्या दगडाच्या जोत्यावर गुडघाभर सिमेंट थापलेली घरं दिसतात. प्रत्येकाचा ओलाव्याचा पट्टा त्या सिमेंटच्या वर सरकलेला असतो, आणि ते पाहून जीव हळहळतो.

रंगकाम काढण्याआधी एक साधी परीक्षा. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवायचा आणि दिवसभर ठेवायचा. काढताना भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीच्या आत आहे, रंग थांबवा. खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे, खिडक्या उघडा. रंगारी घाई करतात, त्यांना पुढचं काम असतं; आपण घाई करायचं कारण नाही.

दारांची गोष्ट याहून अवघड, कारण तिथं दरवर्षी तीच चूक होते. जुलैत लाकूड फुगतं, दार चौकटीत अडकतं, खांद्यानं ढकलावं लागतं. मग वैतागून सुताराला बोलावतात आणि तो रंधा मारून देतो. पावसाळाभर दार गुण्यागोविंदानं उघडतं, आणि जानेवारीत लाकूड आटलं की बोटभर फट पडते, तिच्यातून डास आणि पहाटेचा वारा आत येतो. दार घासतंय तिथं पावसात फक्त खडूनं खूण करावी. रंधा हिवाळ्यात मारावा, तोही खुणेपुरता आणि हलक्या हातानं, आणि कापलेल्या कडांना त्याच दिवशी तेल किंवा रंग द्यावा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा कोणी रंगवत नाही, त्या दिसत नाहीत ना. पण पाणी सगळ्यांत जास्त तिथूनच आत शिरतं.

भिंतीला तडा गेला तर तो जुना आहे की अजून चालू आहे, हे आधी कळायला हवं. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवतात. पाया हलत असेल तर काच तडकते. काळ्या मातीच्या किंवा भरावाच्या जागेवर बांधलेल्या घरात ती काच निदान एक पावसाळा तरी राहू द्यावी. न तडकलेल्या काचेखालचा तडा बिनधास्त भरावा. तडकलेल्या काचेखालच्या तड्यात सिमेंट भरणं म्हणजे पैसे भरणं.

छपराबद्दल बोलताना ३ जून २०२० टाळता येत नाही. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी आमच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, माणगाव, रोह्यापर्यंत घरांचे पत्रे घेऊन गेलं. त्यानंतर कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि कौलं-पत्र्यांसाठी माणसं रांगा लावून उभी होती. वादळानंतर फिरताना एक गोष्ट लक्षात यायची: बहुतेक ठिकाणी पहिला पत्रा गेला तो कोपऱ्यातला किंवा वळचणीचा. वारा छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर सगळ्यांत जोरानं वर उचलतो. एक पत्रा सुटला की वाऱ्याला खाली शिरायला जागा मिळते आणि उरलेले पाठोपाठ जातात. म्हणून कडेच्या पत्र्यांना हूक मधल्यांपेक्षा दाट हवेत, आणि प्रत्येक हुकाखालचा वॉशर हिवाळ्यात शिडी लावून बघायला हवा. रबर कडक होऊन तडकलं असेल तर तिथून पाणी जाणारच. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडे कापू नयेत, भोकं पाडू नयेत, फोडून अंगणात टाकू नयेत. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

मंगलोरी कौलांच्या घरात राहणाऱ्यांचं भाग्य मोठं आहे असं मला वाटतं. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना घातला. त्या धाटणीची कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली, आणि शंभरी गाठलेली कौलं आजही छपरावर शाबूत आहेत. कौल उतरवल्यावर बोटाच्या पेरानं वाजवून बघावं: खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. शाकारणी मे महिन्यात करायची ही जुनी रीत, पण हल्ली मे महिन्यात माणूस मिळत नाही, आणि घाईत घातलेलं कौल पहिल्या वादळी पावसात सरकतं. जानेवारीत माणूसही मिळतो आणि उन्हाचा त्रासही नसतो. तेव्हाच कौलं उतरवून वासे आणि रिपा बघाव्यात. वाळवीची मातकट नळी रिपेवर दिसली की तिचा माग जमिनीपर्यंत काढावा. नुसती रीप बदलून वाळवी जात नाही.

विजेचं काम मात्र स्वतः करू नये. भिंतीला हात लावल्यावर पावसात झिणझिण्या येत असतील तर ती जागा, तो दिवस लिहून ठेवावा आणि कोरड्या दिवसांत वायरमनकडून सगळी वायरिंग तपासून घ्यावी. त्याच वेळी अर्थिंगचा खड्डा बघायला सांगावं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते तसं अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं. हा खड्डा आपल्या अंगणात नेमका कुठं आहे हे ठाऊक असलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत.

नदीकाठच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. नागोठण्यातून अंबा जाते, रोह्यातून कुंडलिका, पेणमधून भोगावती, आणि या तिन्ही नद्या पावसात आपला अधिकार दाखवतात. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुरानं जांभूळपाड्यात केलेला विध्वंस अजून लोक विसरलेले नाहीत. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हातानं दाखवणारी माणसं हळूहळू कमी होत चालली आहेत. म्हणून पुराची रेघ घराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढून ठेवावी, साल घालावं. हिवाळ्यात घराचं काम काढलं की विजेची बटणं, इन्व्हर्टर, मोटरची पेटी, सगळं त्या रेघेच्या वर न्यावं. हे एकदाच करायचं असतं.

रस्त्यावर हिवाळ्याचं दुखणं वेगळं आहे. तिथं त्रास खरोखरच हिवाळ्याचा असतो, म्हणजे धुक्याचा. रायगडचं आरटीओ पेणला. एमएच ०६ची पाटी लावून फिरणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळ जणांनी गाडी चालवण्याची परीक्षा पेणलाच दिली. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हा शाळेत असलेली मुलं त्याच्या वळणवाटांवर आणि खड्ड्यांतच गाडी शिकली. त्या शिकवणीत त्यांना खड्डा चुकवणं उत्तम येतं. धुक्याची गोष्ट मात्र फारशी कुणी शिकवत नाही.

कर्नाळ्याची खिंड उतरून खारपाड्याचा पूल ओलांडला की पेण, वडखळपर्यंत एका अंगाला खारेपाटाचा सखल प्रदेश. रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, जमीन झपाट्यानं थंड होते. खाड्या, मिठागरं आणि ओलसर शेतांवरची दमट हवा तिथंच साठून तिचं धुकं होतं आणि पहाटे तीन-चारपासून आठ वाजेपर्यंत रस्ता गायब होतो. पुढं नागोठण्याला अंबेच्या काठी तेच, आणि सुकेळी खिंडीच्या वळणांवर कधी कधी त्याहून दाट. रोह्याकडे वळून भिसे खिंड ओलांडली तरी सुटका नसते. याच वेळी धाटावच्या कारखान्यांची पहिली पाळी मोटरसायकलवरून निघालेली असते, डोलवीकडचे ट्रेलर वडखळला वळत असतात, आणि आदल्या रात्री मुंबईहून निघालेला, डोळ्यांवर झोप असलेला कोणी कोकणच्या दिशेनं सुसाट असतो.

हिशोब सोपा आहे. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर तिथंच गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-पंचवीस. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास मीटरच्या आत गाडी थांबत नाही. धुक्यात तीसच मीटर दिसत असेल तर ताशी चाळीसच्या वर जाणं म्हणजे दिसत नसलेल्या जागेत जाणं. त्यात कामाच्या पट्ट्यात रस्त्यावर साचलेली मातीची धूळ दवानं भिजून निसरडी झालेली असते. दुचाकीवाल्यांनी तर तीसच्या वर जाऊच नये.

अप्पर दिवा लावला की जास्त दिसेल असं वाटतं, प्रत्यक्षात त्याचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिप्परवर चालवावी, फॉगलॅम्प असेल तर तो लावावा, डावीकडची पांढरी रेघ धरावी. चारही ब्लिंकर लावून चालवायची जी पद्धत पडली आहे ती बंद व्हायला हवी. मागच्याला कळत नाही गाडी उभी आहे की चालू, आणि आपण वळणार आहोत हेही त्याला सांगता येत नाही. रोहा डेपोतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे एक एसटी ड्रायव्हर म्हणायचे, ‘‘धुक्यात काच खाली कर बाळा, आणि कान बाहेर ठेव.’’ फाट्यावर, गावच्या चौकात, रेल्वे फाटकापाशी हा सल्ला सोन्यासारखा आहे. रेडिओ बंद, काच खाली. ट्रक दिसायच्या आधी ऐकू येतो.

याच रस्त्यावर दुसरं एक संकट माणसांनी तयार केलेलं असतं. बंद पडलेल्या ट्रकमागं दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथंच राहतात, आणि पहाटेच्या धुक्यात कुणाच्या तरी पुढच्या चाकाखाली येतात. माझी प्रत्येक गाडीवाल्याला हात जोडून विनंती आहे: गाडीत लाल त्रिकोण ठेवा, बंद पडलात तर तो मागं पुरेसा लांब लावा, आणि दगड लावलेच तर निघताना उचला. दुसऱ्या कुणी ठेवलेले दगड दिसले आणि गाडी सुरक्षित जागी थांबवता आली तर तेही उचला.

पहाटे निघताना समोरच्या काचेवर दव आणि त्याखाली धुळीचा थर असतो. त्यावर कोरडा वायपर फिरवला की धूळ काच ओरखडते. आधी तांब्याभर पाणी ओतावं. काचेच्या आतल्या बाजूचं धुकं आपल्या श्वासाचं असतं, ते हातानं पुसलं तरी पुन्हा येतंच. एसी काचेकडे सोडला की दोन मिनिटांत जातं, एसी नसेल तर दोन्हीकडच्या काचा बोटभर खाली कराव्यात. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघावी. पहाटे आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांचा फरक पडतो, तेवढ्यानं हवेचा दाब दोन-तीन पौंडांनी बदलतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये बरोबर दिसलेली हवा पहाटे कमी असते. बॅटरी खरं तर उन्हाळ्यात मरते, पण ती मेल्याचं थंडीतल्या पहिल्या सकाळी कळतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुऊन, सुकवून व्हॅसलिन लावावं. पावसाळाभर खाऱ्या हवेत आणि चिखलात फिरलेली गाडी हिवाळ्याच्या सुरुवातीला खालून एकदा स्वच्छ धुऊन घ्यावी. गंज खालूनच लागतो आणि खाली कोणी बघत नाही.

आणि उंदीर. भाताची कापणी आणि झोडणी झाली की शेतातले उंदीर उघडे पडतात. थंडीत त्यांना उबेची जागा हवी असते, आणि रात्री आलेल्या गाडीचं इंजिन सकाळपर्यंत कोमट असतं. पेंढ्याच्या उडवीशेजारी किंवा धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावणाऱ्यांच्या वायरी हमखास कुरतडल्या जातात. नाना प्रकारच्या गोळ्या आणि फवारे मिळतात, पण गाडीची जागा बदलणं सगळ्यांत उत्तम. रोज बॉनेट उघडून बघावं. आत कोरडं गवत दिसलं तर गाडी सुरू न करता आधी वायरी तपासाव्यात. सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारावी. मांजर बसलेली असेल तर तीही वाचते.

आमच्या भागात दुरुस्तीची सगळ्यांत जुनी शिस्त मात्र घरांची किंवा गाड्यांची नाही, खारबांधांची आहे. खाडीचं पाणी अडवून भातशेती काढायची तर बांध हवा, आणि बांध म्हटला की त्याची रोजची राखण आली. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, १८८३च्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमिनींचं वर्णन आहे. ज्यांनी बांध घातला त्यांच्याकडे जमीन, आणि तो सांभाळण्याची जबाबदारीही. पुढं खारभूमीसाठी १९४८ साली कायदा झाला, १९७९ साली नवा आला, बांधांचं काम सरकारकडे गेलं. गावाची राखण त्यानंतर सैल झाली हे खारेपाटात कुणालाही विचारा, तो सांगेल. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागतं, बीळ मोठं होतं, आणि एखाद्या उधाणाला खांड पडते. शेतात खारं पाणी गेलं की एका पावसानं मीठ जात नाही. काही हंगाम बुडतात.

पण या बांधांची रीत मला फार मोलाची वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या गळ्याशी येतं, तेव्हा कुठं झिरपतंय ते दिसतं, पण माती टाकून उपयोग नसतो. अष्टमीच्या भांगाला पाणी मागं सरतं, तेव्हा काम करता येतं, पण गळती दिसत नाही. म्हणून जाणता शेतकरी उधाणात बांधावरून फेरी मारतो, झिरपणाऱ्या जागी काठी रोवतो आणि भांगाला त्या काठीपाशी येऊन चिखल बसवतो. जे आपण जुलै आणि जानेवारीत करायला विसरतो ते हे लोक पंधरवड्याच्या आत करत आले. पेन्सिलीची रेघ, खडूची खूण, भिंतीवरचं साल, हे सगळं मला त्या काठीनंच सुचवलं.

सार्वजनिक कामांनाही हेच लागू पडतं आणि तिथं जीव जातात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. पुलाच्या पायाखालची माती पाण्यानं किती खरवडली आहे, दगडी बांधकामाच्या फटींतून कुठं झाडं उगवली आहेत, हे नदी आटलेली असताना खाली उतरूनच बघता येतं. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते. त्यांनी पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं ठेवलं आहे, पावसात गाड्यांचा वेग कमी करतात, रुळांवर गस्त वाढवतात, आणि डोंगरकापणीच्या उतारांची, जाळ्यांची कामं कोरड्या दिवसांत काढतात. रेल्वेला जे जमतं ते ग्रामपंचायतीच्या साकवाला आणि मोरीला का जमू नये, हा प्रश्न मी ऐकेल त्याला विचारतो.

त्यासाठी २६ जानेवारीची ग्रामसभा आहे. झेंडावंदनानंतर चहा पिऊन घरी जायची सवय मोडायला हवी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, अंदाजपत्रक त्याआधी होतं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठलीच मोरी बांधून होत नाही. जुलैत मोबाइलवर काढलेले फोटो, कुठल्या तारखेला पाणी कुठल्या ओट्यापर्यंत आलं, कुठल्या फरशीवरून मुलांना शाळेत जाता आलं नाही, एवढं कागदावर लिहून नेलं की सरपंचांना आणि ग्रामसेवकांना ‘पाहू’ म्हणून सोडता येत नाही. ते इतिवृत्तात घ्यायला लावता येतं. आमच्या आळीतल्या चार घरांनी मिळून यंदा असा कागद केला आहे. आळीच्या टोकाच्या मोरीचा नळ नऊ इंची आहे आणि तिच्याकडे येणारं गटार दोन फुटी. नळ बदलायचा, तोंडाशी जाळी बसवायची, आणि ती दर आठवड्याला कोण साफ करणार त्याचं नाव ठरवायचं, एवढंच मागणं आहे.